तेरेझिया कोस, घर क्रमांक चौदा

लाव्रेंचिचांच्या घरात संत मार्टिनचा सण दरवर्षी होत असे, पण मार्टिन हे नाव त्या घरात एकोणचाळीस वर्षांत कोणी उच्चारलं नव्हतं. सणाला ते ‘नव्या वाईनचा दिवस’ म्हणत. पाद्रीसुद्धा बॅरलवर पाणी शिंपडताना संताचं नाव ओठातल्या ओठात घ्यायचा आणि लगेच खोकायचा. वीपावाच्या खोऱ्यात हे सगळ्यांना माहीत होतं. त्यात विचित्र काही आहे असं आता कोणाला वाटतही नसे.

त्या वर्षी सण शनिवारी आला होता. साडेअकराला येल्का माहेरी पोचली, तेव्हा बुर्या वारा सकाळपासून सुटलेला होता. गाडीचं दार तिने दोन्ही हातांनी धरून उघडलं. मागच्या सीटवर घोंगडीखाली बारा लाकडी खण होते, जानेवारी ते डिसेंबर.

भाचा आलेश तिची बॅग घ्यायला बाहेर आला आणि घोंगडीचं टोक उचलून तसाच उभा राहिला.

“आत्या, हे तू रेडिओतून उचलून आणलंस?”

“उचलून नाही. चार खेपा केल्या. रखवालदाराने दार धरलं.”

“हे संस्थेचं आहे.”

“पाकिटांवर ‘प्रिय येल्का’ लिहिलंय. संस्थेला कोणी प्रिय म्हणत नाही.”

आलेश हसला नाही. तो त्याच संस्थेत, प्रेक्षक सेवा विभागात होता. तिथे त्याला चिकटवताना येल्कानेच शब्द टाकला होता. घोंगडी नीट करून तो बॅग घेऊन आत गेला.

जेवायला पाचजण होते. आई, म्हणजे पावला, टेबलाच्या डोक्याशी. तिच्या डाव्या हाताला थोरला मुलगा इझिदोर, वडील गेल्यापासून ती खुर्ची त्याची. समोर त्याची बायको झोफ्का आणि आलेश. येल्का खिडकीच्या बाजूला, जिथे ती लहानपणापासून बसत आली होती. बदक भाजून तयार होतं, तांबडा कोबी होता, बदकाच्या रसात भिजवलेले पोळीचे तुकडे होते. इझिदोरने नवी वाईन ओतली आणि पेला बहिणीकडे सरकवला.

“घ्या, तेविसावा नंबर.”

महिन्यापूर्वी वर्तमानपत्राने सरकारी रेडिओ-टीव्हीच्या सादरकर्त्यांच्या पगारांची यादी छापली होती. येल्का त्यात तेविसावी होती.

“खानावळीत स्टान्कोने अख्खी यादी वाचली,” इझिदोर म्हणाला. “तुझं नाव आलं तसे सगळे गप्प. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, तू तिकडे राजवाडा बांधतेयस. मी म्हटलं, बघा आता. माझ्या ट्रॅक्टरवाल्याच्या बरोबरीने आहे बिचारी.”

“आणि तो प्रश्नमंजुषेवाला डेनिस?” झोफ्का म्हणाली. “नऊ वर्षं झाली त्याला येऊन. चोपन्नशे युरो महिना. करतो काय? प्रश्न वाचतो. उत्तरंसुद्धा त्याच्या कार्डावर लिहिलेली असतात.”

“वहिनी, मीही वाचतेच.”

“तू एकोणतीसशेत वाचतेस.”

येल्काने वाईनचा एक घोट घेतला. अजून कच्ची होती, पण स्वच्छ. ती हे सगळं जेवणानंतर सांगणार होती. पण आलेशला आधीच माहीत होतं, म्हणजे झोफ्कालाही माहीत होतं. तेव्हा लपवण्यात अर्थ नव्हता. तिने पर्समधून करार काढून ब्रेडच्या टोपलीशी ठेवला.

गुरुवारी उपसंचालकाने तिला बोलावून घेतलं होतं. अन्याय झालाय, तो म्हणाला होता, आणि यादी छापून आल्यावर तर तो दिसायलाही लागलाय. पगार डेनिसच्या बरोबरीने होईल. फक्त नववं कलम एकदा वाचून घ्या. सोमवारी दहापर्यंत सही हवी. सही नसेल, तर नवीन वर्षापासून ‘रविवारची आठवण’ बंद.

‘रविवारची आठवण’ येल्का चोवीस वर्षं करत होती. लोक तिला कार्ड पाठवत. कोणाचा नामदिन, म्हणजे ज्या संताचं नाव ठेवलंय त्याचा दिवस, कोणाचा वाढदिवस, कोणाच्या लग्नाची पन्नाशी, दोन ओळी मजकूर आणि एखादं गाणं. ती पहिलं नाव आणि गाव वाचायची. आडनाव आणि पत्ता कधी नाही. कार्डाच्या मागे पेन्सिलीने नोंद करायची, कोण आजारी आहे, कोण गेलं, म्हणजे पुढच्या वर्षी मेलेल्या माणसाला शुभेच्छा जायला नकोत. अशी सतरा हजार कार्डं गाडीत घोंगडीखाली होती.

इझिदोरने चष्मा लावून नववं कलम वाचलं. “‘सादरकर्ती याद्वारे पुष्टी करते, की श्रोत्यांनी आपली माहिती कार्यक्रमाला व त्याच्या भागीदारांना स्वेच्छेने दिली आहे.’ मग? पेन देऊ?”

“‘दिली’ हा शब्द बघ, दादा.”

“दिलीच ना. वर तिकीट लावून दिली.”

“मला दिली. वाचायला.”

“आणि तू देशभर वाचून दाखवलीस. चोवीस वर्षं अख्ख्या देशाला ऐकवल्यावर आज ती गुप्त झाली होय?”

हा मुद्दा तिने स्वतःशीही तपासून पाहिला होता. “त्यांना जेवढं ऐकवायचं असतं तेवढंच मी वाचते,” ती म्हणाली. “एक बाई दरवर्षी नवऱ्याच्या वाढदिवसाला कार्ड पाठवते. तीन वर्षांपूर्वी खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, गाठ निघाली आहे, यांना सांगितलेलं नाही, तुलाच म्हणून लिहिते. मी फक्त वाढदिवस वाचला. ती ओळ आता भागीदाराला देऊ?”

“कोण भागीदार आहे तरी?”

“तेच कुठे लिहिलेलं नाही.”

“आत्या, तू उगाच बाऊ करतेयस,” आलेश म्हणाला. त्याने बदकाला अजून हात लावला नव्हता. “कोणाला त्रास होणार नाही. हल्ली फोन हातात असला की सगळ्यांची सगळी माहिती असतेच. रेडिओ ऐकणारी म्हातारी माणसं तेवढी राहिलीत. त्यांना त्यांच्या उपयोगाच्या वस्तूंची चार पत्रं येतील, बस.”

“पत्रावरून आठवलं,” झोफ्का म्हणाली. तिने उठून कपाटातून एक पाकीट आणलं. “काल पोस्टमनने टाकलंय. पत्ता आपला आणि नाव भलतंच. तेरेझिया कोस, घर क्रमांक चौदा. मी त्याला म्हटलं, चौदामध्ये मी एकोणचाळीस वर्षं भांडी घासतेय, अशी बाई मला भेटलेली नाही. तर म्हणतो, छापील पत्ता आहे, ठेवून घ्या.”

येल्काने काटा खाली ठेवला. “वहिनी, ते उघडू नका.”

“कालच उघडलं. म्हटलं बक्षीसबिक्षीस लागलं असेल.” झोफ्काने कागद हातभर लांब धरला. “‘प्रिय तेरेझिया, अकरा नोव्हेंबर, तुमचा वाढदिवस! या खास दिवशी डाव्या कानाने पुन्हा ऐकू लागा. श्रवणयंत्रावर वीस टक्के सूट. तुमच्या लाडक्या रविवारच्या कार्यक्रमाच्या मित्रांकडून.’ घ्या. अकरा तारीख म्हणजे आज की.”

येल्काने आईकडे पाहिलं. पावला बदकाचा तुकडा सुरीने बारीक करत होती, चावता येईल त्याहूनही बारीक.

ते नाव येल्काला पाठ होतं. कार्यक्रम हातात आला त्या पहिल्या नोव्हेंबरात ते कार्ड आलं होतं, जांभळ्या शाईत. *मार्टिनला नामदिनाच्या शुभेच्छा. डाव्या कानाला वारं लागू देऊ नकोस. ओळखीची, तेरेझिया कोस.* पाठवणारीचा पत्ता मात्र खरा होता, घर क्रमांक चौदा. अक्षर बघताक्षणी तिने स्टुडिओचं दार लावून घेतलं होतं. त्या रविवारी देशभरातल्या मार्टिनांना शुभेच्छा असतात, शंभर-सव्वाशे. त्या गर्दीत आणखी एक मार्टिन सहज मावला. पुढे दरवर्षी कार्ड येत राहिलं आणि दरवर्षी तिने ते वाचलं. आई त्याबद्दल बोलली नाही, तीही नाही.

कार्डं वाचणाऱ्या संगणकाने नामदिनाला वाढदिवस समजून घेतलं होतं आणि ज्याला कार्ड होतं त्याचा कान पाठवणारीला लावून टाकला होता. माणसाने वाचलं असतं तर ही चूक झाली नसती. माणसाने वाचलंच नव्हतं.

“आलेश,” ती म्हणाली, “कधी?”

आलेश ताटाकडे बघत होता.

“कधी, विचारतेय.”

“सप्टेंबरात. तू समुद्रावर गेली होतीस तेव्हा. फक्त नोव्हेंबरचा खण, चाचणी म्हणून. दोन दिवसांत फोटो काढून जागच्या जागी ठेवला. ते म्हणाले, सही होणारच आहे, नुसती आधी सुरुवात.”

“रेडिओतल्या माझ्या खोलीची किल्ली मी तुला झाडांना पाणी घालायला दिली होती.”

“पाणीपण घातलं.”

“हो. झाडं चांगली आहेत.”

इझिदोर एकदा मुलाकडे, एकदा बहिणीकडे बघत होता. घडलंय काय, ते त्याला अजून नीट लागत नव्हतं.

येल्काला मात्र लागलं होतं, आणि लागल्यावर तिच्या पाठीचा कणा आपोआप ताठ झाला. वीपावा नदी त्यांच्या खोऱ्यात डोंगराच्या पायथ्यातून एकदम भरल्या पात्राने वर येते. ती आत कुठून शिरते हे बघायला लोकांनी डोंगरापलीकडे, जिथे पाणी जमिनीत गडप होतं, तिथे हिरवा रंग ओतला होता आणि इकडे झऱ्यांशी बाटल्या घेऊन बसले होते. शाळेत हे शिकवताना बाई म्हणाल्या होत्या, रंग असा निवडायचा जो निसर्गात दुसरीकडे कुठेच नाही. मग तो जिथे निघेल तिथे वाद उरत नाही. तेरेझिया कोस हे नाव ना टेलिफोनच्या यादीत होतं, ना मतदारयादीत, ना थडग्यांवर. ते जगात एकाच खणात होतं. आणि आता ते छापील पाकिटावर वर आलं होतं.

“हा पुरावा आहे,” ती म्हणाली. “कोणी काही दिलेलं नसताना घेतलं, त्याचा.”

आलेशला ते तिच्याआधीच कळलेलं असावं. “हे माहिती आयुक्तांकडे गेलं तर माझी नोकरी जाईल, आत्या.”

“तुझं नाव मी लिहिणार नाही.”

“पण ही तेरेझिया आहे कोण?” झोफ्का म्हणाली. “आयुक्त पहिलं तेच विचारतील. बाई दाखवा म्हणतील.”

ते खरं होतं. नाव जगात नाही हे सिद्ध करायला, ते बनवणाऱ्या माणसाने पुढे यायला हवं. येल्काने आईकडे पाहायचं टाळलं, झोफ्काच्या हातातून कागद घेतला, घडी घातली आणि पर्समध्ये टाकला.

“मग राहू दे. पुरावा नको. सोमवारी जाऊन नुसतं नाही म्हणेन.”

“आणि कार्यक्रम?”

“बंद होईल.”

“वेडी आहेस का तू?” इझिदोरने हात पुढे केला. “दे इकडे. चौदा नंबर माझं घर आहे. माझ्या पत्त्यावर कोण बाई राहते, ते मला कळायला नको? तुला माहीत आहे. तुझ्या तोंडावर दिसतंय.”

“माहीत आहे.”

“मग बोल.”

“दादा, तिने ते मला सांगितलंय, तुला नाही. जे काढून घ्यायला ते मला चोपन्नशे देतायत, ते तू फुकटात मागतोयस.”

इझिदोरचा हात तसाच हवेत राहिला. झोफ्काने नवऱ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी ती एरवी फक्त बाजारात भाव ऐकल्यावर बघायची. मग तिने टेबलाखालून त्याच्या पायाला हलकेच ढोसलं. आतापर्यंत सही करायच्या बाजूला असलेली झोफ्का त्या क्षणी पलीकडे गेली. येल्काला ते दिसलं.

“पुरे,” पावला म्हणाली.

तिने सुरी ताटाच्या कडेला आडवी ठेवली. “ती मी आहे. कोस माझ्या आईच्या गावातल्या शिक्षिकेचं आडनाव होतं. तेरेझिया मला लहानपणी आवडायचं. चोवीस कार्डं लिहिली. मार्टिनला.”

तो शब्द खोलीत पडला आणि काहीच झालं नाही. खिडकी वाऱ्याने वाजत होती तशीच वाजत राहिली.

त्या टेबलाशी बसलेल्या प्रत्येकाला बाकीचं माहीत होतं, आलेशलासुद्धा, ऐकून. चौऱ्याऐंशी साली याच दिवशी, पाद्री आणि अर्धा गाव समोर असताना, इझिदोरच्या धाकट्या भावाने, मार्टिनने, वडिलांची वाईन चाखली आणि म्हणाला, यात साखर घातली आहे. वडिलांनी जागेवरून उठून त्याच्या कानशिलात मारली. डाव्या कानातून कॉलरवर रक्त आलं. संध्याकाळच्या बसने तो सीमेपलीकडच्या गोरित्सात गेला आणि तिथेच राहिला. सायकली दुरुस्त करतो. इथून पंचवीस किलोमीटर.

“बाबा समोर बसलेले असायचे ना?” इझिदोर हळू म्हणाला. “रेडिओ लागलेला असायचा तेव्हा.”

“तिथेच. तू बसलायस तिथे.”

“त्यांना कळलं असतं तर?”

झोफ्का कोब्याचं भांडं उगाचच सरळ करत होती. “वर्षभर मी कितीही आदळआपट केली तरी सासरे काही बोलायचे नाहीत,” ती म्हणाली. “पण या सणानंतरच्या रविवारी, येल्काचा कार्यक्रम सुरू झाला की म्हणायचे, झोफ्का, डाव आपटू नकोस. दरवर्षी. मला वाटायचं, लेकीचं कौतुक.”

पावलाने सुनेकडे बराच वेळ पाहिलं. हे तिला माहीत नव्हतं.

इझिदोरने पेला उचलला, उजेडात धरला, न पिताच खाली ठेवला. “साखर मी आणली होती. त्या वर्षी पावसाने द्राक्षं आंबट गेली होती. बाबांना ठाऊक नव्हतं. त्यांना खरंच वाटलं, तो खोटं बोलतोय.”

“मला ठाऊक होतं,” पावला म्हणाली. “रिकाम्या पिशव्या मीच चुलीत घातल्या. आपण दोघे गप्प बसलो, इझिदोर. तू एका बाजूने, मी दुसऱ्या. मग मी दुसऱ्या नावाने बोलायला लागले. तेवढीच हिंमत होती.”

ती येल्काकडे वळली. “ते आयुक्त आहेत त्यांना कागद लिही. आत्ता. तेरेझिया कोस म्हणजे कोण, मी का लिहायची, सगळं लिही. दोन्ही नावांनी सही करते. अक्षर जुळवून बघू देत.”

“आई, ते कागद दहा टेबलांवरून फिरतील. गावात कळेल.”

“गावाला एकोणचाळीस वर्षं खोकायला लावलं. आता मोकळा श्वास घेऊ देत की.”

“आणि माझा कार्यक्रम तरीही बंद होऊ शकतो. पगार वाढणार नाही तो नाहीच.”

“तुझा पगार डेनिसएवढा व्हायला हवा, कारण तू कामाची आहेस. मार्टिनचा कान विकून नाही. ते दोन वेगवेगळे अर्ज आहेत. दोन्ही लिही.”

येल्काला हसू आलं, पण तिने ते आवरलं, कारण आई विनोद करत नव्हती. तिने कराराची मागची कोरी बाजू वर केली आणि पेन मागितलं. इझिदोरने सहीसाठी काढून ठेवलेलं पेन निमूटपणे पुढे केलं.

ती लिहीत असताना आलेश उठून बाहेर गेला. आला तेव्हा त्याच्या केसांत पाचोळा होता आणि छातीशी नोव्हेंबरचा खण. तो त्याने आजीसमोर ठेवला. “कार्ड लागेल ना पुराव्याला,” तो म्हणाला. मग थोडं थांबून, “खाली माझंही नाव घाल, आत्या. आलेश लाव्रेंचिच, प्रेक्षक सेवा. खण मी काढून दिला, म्हणून लिही.”

“विचार कर.”

“त्या खणात माझ्या आजीचं अक्षर होतं आणि मी त्याचा फोटो काढला. वाचलं नाही. झाला विचार.”

पावलाने दोन सह्या केल्या, एकाखाली एक. तेरेझियाची सही सराईत होती. स्वतःच्या नावाशी मात्र तिचा हात अडखळला. मग तिने खणातलं एक कोरं कार्ड ओढलं आणि येल्काकडे सरकवलं.

“उद्याचं घे लिहून. माझा हात दुखला. मार्टिनला, गोरित्सात. नामदिनाच्या शुभेच्छा. वाईनमध्ये साखर होती.”

येल्काने लिहिलं. “पुढे?”

“पुढच्या रविवारी जेवायला ये. आईकडून.”

इझिदोर उठला. आईच्या डाव्या हाताची आपली खुर्ची त्याने उचलली आणि टेबलाच्या पार टोकाला, दाराजवळ नेऊन ठेवली. आईच्या डाव्या हाताला बसणाऱ्याचा उजवा, चांगला कान तिच्याकडे असतो, हे त्याने कोणाला सांगितलं नाही. रिकामी झालेली जागा झोफ्काने फडक्याने पुसून घेतली.

“खाली नाव घाल,” पावला म्हणाली. “पावला लाव्रेंचिच, घर क्रमांक चौदा. आणि उद्या तसंच वाच. सगळं.”

“आई, आडनाव आणि पत्ता मी रेडिओवर वाचत नाही. चोवीस वर्षांत एकाचाही वाचला नाही.”

“त्यांचा वाचू नकोस,” पावला म्हणाली. “तो त्यांनी तुला दिलेला नाही. हा मी देतेय.”